मेणाचा दोरा

राजरत्नचा सूर नाकात अडकला, तेव्हा भर मंडपात पहिला हसला तो केरबा.

कोयनानगरच्या कॉलनीत जयंतीचा सामना होता. एका अंगाला आटपाडीकडच्या यल्लाप्पाची गायन पार्टी, दुसऱ्या अंगाला पाटण खोऱ्यातल्या केरबाची. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच तो फोडायचा. धरणावरची माणसं बायकापोरांसह सतरंज्यांवर दाटीनं बसली होती. यल्लाप्पा पेटीवर, धुळा ढोलकीवर, यल्लाप्पाची बायको बाळाबाई कोरसात, आणि मध्ये उभा त्यांचा चौदा वर्षांचा राजरत्न. चार वर्षं या पोराच्या आवाजावरच पार्टीला सुपाऱ्या येत होत्या. सुपारी घेतली म्हणजे जबान दिली. मग घरात मयत झालं तरी गाणारा मंडपात उभा राहतो, अशी त्यांच्यातली रीत.

पोरानं कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि वरचा सूर लावला. आवाज आला तो तोंडावर घागर पालथी घातल्यासारखा. ‘माय’ म्हणायला गेला तर ‘बाय’ निघालं. पुन्हा म्हटलं, पुन्हा ‘बाय’.

केरबानं वाट बघितली नाही. फेटा मागं सारला आणि उठला.

“आटपाडीचा राघू आणला, ऐका याचं गान,
मायला आपल्या बाय म्हणतोय, कुठं ठेवलं भान?
चोच हाय पर गळा न्हाई रं, पिंजरा न्या माघारी,
बाप बसलाय पेटी घेऊन, पोर नाक शिंकरी!”

मंडप फुटला हसून. लहान पोरं ‘बाय, बाय’ करून ओरडायला लागली. आणि त्या हसण्यातच राजरत्नच्या नाकातून रक्ताचा एक थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडला, मग दुसरा, मग धारच लागली. बाळाबाईनं पदर लावला. यल्लाप्पानं पेटीचा भाता दाबून बंद केला. त्याची नजर पोराच्या रक्ताकडं नव्हती. ती केरबाच्या दातांकडं होती.

परतताना घाटाच्या वळणावळणाला जीप कलायची आणि वळणावळणाला यल्लाप्पाच्या तोंडून नवी शिवी निघायची.

“मिशरी लावतूस? तंबाखू खातूस? खरं बोल.”

“न्हाई आबा.”

“मग गळ्याला काय रोग आला? का केरबाला बघून हगवण लागली?”

“नाक बंद झालंय. दिवाळीपासनं. एका नाकपुडीतनं वाराच जात न्हाई.”

“दिवाळीपासनं! आन मला आज सांगतूस?”

“सांगितलं हुतं. तुमी म्हनला, मिसरूड फुटताना असंच हुतंय.”

धुळानं ढोलकी मांडीवर घट्ट धरली आणि बाहेरच्या अंधारात बघत राहिला. बाळाबाईच्या मांडीवर डोकं टाकून पोर तोंडानं श्वास घेत होतं. तिला आठवलं, गेल्या चार महिन्यांत त्याच्या उशीची खोळ तिनं किती वेळा धुतली. ऊन लागलं असेल, घोळणा फुटला असेल, असं म्हणत धुतली. कांदा हुंगवला, डोक्यावर गार पाणी ओतलं. रक्त थांबायचं. ती कामाला लागायची.

बुद्धपौर्णिमेला औंधची सुपारी होती. पुन्हा केरबाशीच.

यल्लाप्पाचे गुरू जाऊन दहा वर्षं झाली होती. ते रोज पहाटे मेण लावलेला सुती दोरा एका नाकपुडीतून आत सारायचे, घशात उतरला की दोन बोटांनी तोंडातून बाहेर ओढायचे, आणि ताक घुसळल्यासारखा मागंपुढं करायचे. त्यानं वाट मोकळी होते, सूर डोक्यात घुमतो, असं ते सांगत. यल्लाप्पानं स्वतः वीस वर्षं ते केलं होतं. त्याचा आवाज चार वस्त्यांपलीकडं जायचा, तो त्या दोऱ्यानंच, अशी त्याची खात्री. तेव्हा त्यानं जे केलं ते वैरानं केलं नाही. वैर केरबाशी होतं.

सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दीड हात दोरा घेतला, मेण वितळवून त्यावरून चोळला आणि अंगणात पाट मांडला.

“डोस्कं धर त्याचं,” तो बाळाबाईला म्हणाला.

“आवं, भ्यालंय ते. आधी डाक्टरला दावू.”

“डाक्टर सूर लावायला शिकिवतो काय? धर.”

तिनं धरलं. दोन्ही तळव्यांत पोराचं डोकं धरलं, पाठ आपल्या छातीशी टेकवली. हेच डोकं पाळण्यात असताना ती म्हणायची,

“राजसाचं माझ्या नाक, जशी चाफ्याची गं कळी,
नको लावू बोट कुणी, दुखंल बाई पाकळी.”

दोरा आत गेला, बोटभर, दोन बोटं. मग कशाला तरी अडला. मऊ, पण हलेना असं काहीतरी. राजरत्ननं हात झाडले. “आबा, दुखतंय, आबा!”

“सोस जरा. वाट चिकाटलीया, तीच फोडायची हाय.”

यल्लाप्पानं दोऱ्याला पीळ दिला आणि जोर लावून तो आत सारत राहिला.

मग रक्त आलं. आधी नाकातून, मग तोंडातून. पाट भिजला, बाळाबाईची चोळी भिजली, अंगणातल्या मातीत लाल चिखल झाला. यल्लाप्पानं घाबरून दोरा हिसकला. तो तुटून हातात आला. पोर पांढरं पडत चाललं होतं आणि त्याचे डोळे वर जात होते.

आटपाडीच्या डॉक्टरनं नाकात लांबच लांब पट्टी कोंबून कोंबून भरली, सलाईन लावलं आणि म्हणाला, “आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या. वाटेत थांबू नका.” जीपमध्ये बसायच्या आधी, हात धुताना, बाळाबाईला यल्लाप्पाच्या हातून पडून आपल्या पदराच्या टोकात अडकलेला दोरा दिसला. तो जेमतेम वीतभर होता. तिनं तो बोटांनी मोजला. दीड हाताचा दोरा होता. काहीतरी आत राहिलं होतं.

तिनं यल्लाप्पाला सांगितलं. त्यानं तो तुकडा तिच्या हातातून घेतला आणि गटारात टाकला.

“कुणापाशी बोलायचं न्हाई. पोलिस केस हुईल.”

“आन पोराचं?”

“बाकीचा घशातनं गेला असंल पोटात. दोराच हाय, वितळंल.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “केरबाला कळलं तर त्यावर कवन रचील. गावोगाव म्हनंल. बापानं पोराचं नाक शिवलं म्हनंल. जगू देणार न्हाई मला.”

सांगलीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात यंत्रात घालून पोराच्या डोक्याचे फोटो काढले. नाक-कान-घशाचे मोठे डॉक्टर थोडकं बोलायचे आणि निघून जायचे. समजावून सांगायला आली ती डॉक्टर साक्षी. बारीक अंगाची, चष्म्याची, खालच्या प्रयोगशाळेतली. अशा गाठींचा ती अभ्यास करत होती.

“नाकाच्या मागं गाठ आहे मावशी. कॅन्सर नाही. साधी गाठ आहे, पण फार क्वचित दिसणारी. वयात येणाऱ्या मुलांनाच होते. आत नुसत्या रक्ताच्या नळ्या असतात. म्हणून हात लागला की पूर येतो.”

“साधी हाय तर कापता कशाला?” यल्लाप्पा म्हणाला.

“वाढते म्हणून. वर डोळा आहे, मेंदू आहे. आणि असंच रक्त गेलं तर पुढच्या वेळी आटपाडीहून इथवर पोचणार नाही तो.”

“कुठनं कापनार?”

“टाळूतून. तोंडातला वरचा टाळू उघडून.”

यल्लाप्पाचा चेहरा बदलला. “टाळू? गाणारा हाय त्यो. टाळू फाडल्यावर गाईल कसा?”

“कदाचित आवाज बदलेल. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

“मग औंधची सुपारी झाल्यावर बघू.”

साक्षीनं चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. “दादा, तुम्ही सुपारीचं बोलताय?”

“तुमचं काय जातंय? तुमाला बरणीत भरायला गाठ पायजे. ठाऊक हाय मला.”

“हो, पाहिजे,” ती शांतपणे म्हणाली. “आणि मुलगाही पाहिजे. दोन्ही.”

पण पोराला ताप भरला होता आणि तो उतरेना. नाकातल्या पट्टीला वास यायला लागला. चौथ्या दिवशी दुपारी साक्षी पुन्हा आली, खाटेच्या कडेला बसली, आणि यल्लाप्पाला नाही, बाळाबाईला बोलली.

“मावशी, शरीरात राखणदार पेशी असतात. त्यांच्या अंगावर ओळख पटवणाऱ्या खुणा असतात. समजा दार आणि त्याची कडी. जंतू आला की त्याचा विशिष्ट भागच त्या कडीला लागतो, आणि मग आरोळी उठते. सूज, ताप, रक्ताच्या नव्या नळ्या. आत्ता-आत्ता, दोन वर्षांत कळलंय हे. मी अकरा गाठी काचेवर बघितल्यात. बऱ्याच गाठींत मला राखणदारांची गर्दी दिसली. त्या आरोळीनंच गाठ फोफावते का, हा माझा संशय आहे. संशयच. कुणालाच नक्की माहीत नाही. पण या पोराच्या अंगात आरोळी फार मोठी उठलीय. नुसत्या गाठीनं एवढी उठत नाही. आत बाहेरचं काहीतरी गेलंय. नाकात काही घातलं होतं का? काडी, बोळा, औषध?”

बाळाबाईनं वर बघितलं. यल्लाप्पा खाटेच्या दुसऱ्या अंगाला उभा होता.

“काय घालायचं?” तो म्हणाला. “आमी काय येडं हाव? पट्टी तेवडी तुमच्या डाक्टरनं घातली, तिनंच सडलं आसंल.”

“मावशींना विचारतेय मी.”

“तिला काय कळतंय? अडानी बाई हाय ती.”

बाळाबाईनं मान खाली घातली. साक्षी उठली. “उद्या सकाळी पट्टी काढू. वॉर्डातच. नवी भरू.”

ती गेल्यावर यल्लाप्पा बायकोच्या कानाशी वाकला. “शाबास. तशीच गप ऱ्हा.”

त्या एका शब्दानं तिला सटकन लागलं. शाबास. कोरसात वीस वर्षं त्याच्या मागं सूर धरला, कधी म्हणाला नव्हता.

ती पोराजवळ बसली. पट्टी आत गच्च. दोराही आत. दोन्ही एकमेकांत गुंतली असतील, आणि दोरा त्या रक्ताच्या गाठीत रुतला असेल. उद्या कुणीतरी पट्टीचं टोक धरून ओढलं, की अंगणातला तोच चिखल. इथं, या खाटेवर. आणि या वेळी पोराच्या अंगात सांडायला रक्त तरी किती उरलं होतं?

राजरत्ननं डोळे उघडले. “आये, तू सांगशील?” त्यानं तोंडानं श्वास घेत विचारलं. “मी सांगितलं तर आबा मारत्यात.”

हो म्हणायचंही धाडस झालं नाही तिला.

सकाळी गाडा आला. कात्री, चिमटा, पट्ट्या, औषधाचा वास. एक तरुण शिकाऊ डॉक्टर, झोप न झालेला, पोराच्या डोक्याशी उभा राहिला. साक्षी मागं वही घेऊन. यल्लाप्पा भिंतीला टेकलेला, नजर बायकोवर.

“तोंड उघड. आऽऽ कर,” शिकाऊ डॉक्टर म्हणाला. पट्टीचं टोक त्यानं चिमट्यात धरलं. “थोडं दुखेल हां.”

पट्टी बोटभर बाहेर आली. राजरत्नचे दोन्ही पाय ताठ झाले.

बाळाबाईनं त्या डॉक्टरचं मनगट धरलं. शेतात कोळपं ओढणाऱ्या बाईचा हात होता तो. शिकाऊ डॉक्टर ओरडला, “अहो बाई, काय करताय?”

“सोडा. वडू नगा, नुसतं सोडा. आत दोरा हाय.”

“बाळा!” यल्लाप्पा भिंतीपासून सुटला.

“मेणाचा दोरा. यांनी घातला, मी डोस्कं धरलं. वीतभर बाहेर आला, बाकीचा आतच हाय. पट्टीत गुतलाय. वडला की मरंल माझं पोर.”

वॉर्डातल्या चाळीस खाटा गप्प झाल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, “अगं बया!” आणि तोंडावर पदर घेतला.

यल्लाप्पानं हात उगारला. सगळ्यांदेखत उगारला. मग त्याला चाळीस खाटा दिसल्या असाव्यात.

“मारा,” बाळाबाई म्हणाली. तिनं मनगट सोडलं नव्हतं. “मारा की. हितं डाक्टर हायत, मलमपट्टी तरी हुईल.”

साक्षीनं वही खाटेवर टाकली. “चिमटा सोड. हळू. तसाच ठेव. मोठ्या सरांना बोलाव, आणि थिएटर सांग.” मग यल्लाप्पाकडं वळली. तिचा आवाज चढला नाही, पण त्याला धार होती. “काल मी तुम्हाला विचारलं होतं. हे पोर आत्ता इथं मेलं असतं, तर मी आयुष्यभर समजले असते की आम्ही मारलं.”

यल्लाप्पा जिना उतरून गेला.

थिएटरात दिव्याखाली पट्टी भिजवत भिजवत काढली. दोरा निघाला, काळा पडलेला, पुवानं माखलेला. रक्त आलं, पण तिथं ते थांबवणारे हात होते. दोन दिवसांत ताप उतरला. ऑपरेशनची तारीख ठरली. संमतीच्या कागदावर बाळाबाईनं सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, थांबून थांबून काढलेली, चार अक्षरांची. बापाची सही कुठाय, असं नर्सनं विचारलं. “त्यो गाणं म्हनतोय औंधला,” बाळाबाई म्हणाली.

पाच बाटल्या रक्त लागणार होतं. बाटलीला बाटली द्यायची होती. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी धुळा पार्टीतली दोन माणसं घेऊन आला, मागून यल्लाप्पा आला, आणि त्याच्या मागून, कुणी न बोलावता, केरबा.

“हा कशाला?” यल्लाप्पा म्हणाला.

“रगात द्यायला. एक बाटली कमी पडती म्हनं.”

“तुझं नगं.”

“तुला कुठं देतोय? तुझ्या अंगात घातलं तर नासंल.” केरबानं बाही वर केली. “काल औंधला तुला हरवलं आन काय मिळालं मला? फुटकं मडकं फोडल्यागत झालं. लोकं उठून गेली निम्म्यात.”

यल्लाप्पा खालच्या फरशीकडं बघत म्हणाला, “दोऱ्याचं कळलं तुला?”

“धुळा बोलला.”

“रचलंस?”

“रचलं की. लय झ्याक जमलंय. म्हनू?”

यल्लाप्पानं मान वर केली.

“आत्ता न्हाई,” केरबा म्हणाला. “रगात दिल्यावर दम लागतो. पर म्हननार. पोरावर न्हाई रचलं. तुझ्यावर रचलंय.” आणि तो रक्तपेढीच्या दारातून आत गेला.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपार कलली तेव्हा संपलं. साक्षी बाहेर आली, हातात झाकणाची बरणी. आत आवळ्याएवढं, करडं-गुलाबी काहीतरी.

“हे मला अभ्यासाला हवंय मावशी. न्यायच्या आधी विचारतेय.”

बाळाबाईनं बरणीकडं बघितलं. एवढंसं होतं. एवढ्याशासाठी. “माझ्या हातानं वाढलं का हे?” तिनं विचारलं.

“दिवाळीपासून होतं. दोऱ्यानं आणलं नाही.”

“वाढलं का, इचारलं मी.”

“माहीत नाही. दोऱ्यानं आत घाण नेली, आरोळी उठली. त्यानं किती वाढलं, ते हे बघितल्यावरही कदाचित कळणार नाही मला.”

“न्हे,” बाळाबाई म्हणाली. “बघ. कळलं तर सांग. वाईट आसलं तरी सांग.”

दहाव्या दिवशी अन्नाची नळी काढली आणि राजरत्नला तोंडानं पाणी प्यायला दिलं. यल्लाप्पा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो रोज यायचा, पायथ्याशीच उभा राहायचा, बाळाबाईशी बोलायचा नाही, तीही त्याच्याशी बोलायची नाही. वॉर्डाला त्या दोघांची सवय झाली होती.

पोरानं घोट घेतला. शिवलेल्या टाळूतून थोडं पाणी नाकातून बाहेर आलं. त्याला ठसका लागला, मग त्याचंच त्याला हसू आलं. शेजारची म्हातारीही हसली. “नळ गळतोय की रं तुझा!”

“गळू दे,” राजरत्न म्हणाला. आवाज वेगळा होता. फाटका, वाऱ्याचा, शब्दाशब्दाला नाकातून हवा सुटणारा. “आये, अजून दे.”

‘आये’ ऐकून यल्लाप्पा एक पाऊल पुढं आला. ओठ हलले. कदाचित तो एक ओळ म्हणून दाखव म्हणणार होता, कदाचित दुसरंच काही. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि पोराच्या ओल्या नाकाकडं हात नेला.

राजरत्नची मान झटक्यात मागं गेली, डोकं लोखंडी खाटेच्या गजावर आपटलं. दोन्ही तळवे त्यानं नाकावर दाबून धरले. डोळे फाटले होते. तो ओरडला नाही, नुसता तोंडानं श्वास घेत राहिला, जोरजोरात.

यल्लाप्पाचा हात हवेत तसाच राहिला. रुमाल खाली लोंबत होता.

बाळाबाईनं तो रुमाल त्याच्या बोटांतून काढून घेतला. पोराच्या तळव्यांवर आपला हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला, आणि वाट बघत बसली. बऱ्याच वेळानं पोराचं एक बोट सैल झालं.